आठ बॅरलचा फरक

तीन तेलविहिरी डोळ्यांसमोर आणा. आज तिन्हींमधून दिवसाला १,००० बॅरल कच्चे तेल निघते आहे. (एक बॅरल म्हणजे साधारण १५९ लिटर.) दोन वर्षांनी मोजले तेव्हा पहिलीचे उत्पादन ८१० बॅरल भरले, दुसरीचे ८१८ आणि तिसरीचे ८२६. आठ-आठ बॅरलचा फरक. मोजमापातल्या उन्नीस-बीसमध्येच तो हरवून जावा इतका किरकोळ. पण दिवसाला ५० बॅरलपेक्षा कमी तेल निघाले तर विहीर चालवणे परवडत नाही असे धरा आणि तिथवर पोहोचायला किती वर्षे लागतील ते गणिताला विचारा. पहिली २८ वर्षांत तिथे येते, दुसरी ६६ वर्षांत आणि तिसरीला लागतात तब्बल १८० वर्षे. तोवर पहिलीतून एकूण ३३ लाख बॅरल निघालेले असतील, दुसरीतून ५४ लाख आणि तिसरीतून एक कोटीहून जास्त.

हे आकडे साध्या कॅलक्युलेटरवर काढता येतात. त्यामागचे सूत्र जे. जे. आर्प्स या अभियंत्याने १९४५ साली मांडले. आज तेल कंपन्यांमध्ये विहिरींच्या उत्पादनाचा अंदाज बांधणारी जी महागडी सॉफ्टवेअर वापरली जातात (एरीज, ओएफएम, हार्मनी ही त्यातली जाणती नावे), त्यांच्या पोटातही बऱ्याचदा ऐंशी वर्षांचे हे सूत्रच काम करत असते. मला या विषयाची ओढ लागली ती यामुळेच. इतकी वर्षे टिकलेले, शाळेतल्या बीजगणिताने समजणारे सूत्र, आणि त्यातला एक छोटा घातांक बदलला की तेलाचा साठा तिप्पट होतो.

तो घातांक काय सांगतो ते आधी पाहू. तेल जमिनीखाली तळ्यासारखे साठलेले नसते. खडकातल्या बारीक छिद्रांमध्ये ते प्रचंड दाबाखाली अडकलेले असते. विहीर खणली की दाबाला वाट मिळते आणि तेल वर येऊ लागते. जसजसे तेल निघते तसतसा दाब उतरतो, आणि दाब उतरला की तेलाचा ओघही उतरतो. पहिल्या विहिरीत दरवर्षी सारख्याच टक्क्याने घट होते. १,०००चे ९००, ९००चे ८१०, ८१०चे ७२९. चक्रवाढ व्याज उलटे चालवावे तसे. दुसऱ्या विहिरीत घटीचा वेगच हळूहळू मंदावतो आणि तिसरीत तो आणखी मंदावतो. कुठल्या खडकात, कुठल्या जोरावर तेल वर येते आहे यावर हा मंदावण्याचा गुण अवलंबून असतो. आर्प्सच्या सूत्रातला तो घातांक म्हणजे या गुणाचे माप.

संगणक येण्याआधी अभियंते लॉग कागदावर (लॉगॅरिदमच्या मापात आखलेला आलेखाचा कागद) महिन्या-महिन्याच्या उत्पादनाचे ठिपके मांडत. पहिल्या प्रकारच्या विहिरीचे ठिपके त्या कागदावर सरळ रेषेत येतात. मग पट्टी ठेवायची, रेषा पुढे वाढवायची आणि ती तळाच्या आकड्याला कुठे भिडते ते वाचायचे. आज सॉफ्टवेअर हेच काम हजारो विहिरींसाठी काही मिनिटांत करते. ठिपक्यांमधून सर्वांत चपखल बसणारी वक्ररेषा शोधते, ती पुढे नेते, तिच्याखालच्या क्षेत्रफळाची बेरीज करते आणि तेलाचा भाव व खर्च घालून पैशाचा हिशेबही मांडते.

पण ते ठिपके येतात कुठून, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला सहसा पडत नाही. समुद्रातल्या एका प्लॅटफॉर्मवर अनेक विहिरींचे तेल एकाच पाइपात एकत्र होते. प्रत्येक विहिरीवर चोवीस तास चालणारा स्वतंत्र मीटर बहुतेक ठिकाणी नसतो. मधूनमधून एकेक विहीर काही तास चाचणीच्या सेपरेटरकडे वळवली जाते. तिथे तेल, पाणी आणि वायू वेगळे करून मोजतात. मग महिन्याअखेरीस सगळ्यांचे मिळून जे तेल प्रत्यक्ष भरले, ते या चाचण्यांच्या प्रमाणात विहिरींना वाटून दिले जाते. म्हणजे एखाद्या विहिरीच्या नावावर लागलेला मासिक आकडा हाच मुळात एक अंदाज असतो. त्यावर पुढच्या तीस वर्षांचा अंदाज उभा राहतो. ८१० आणि ८१८ मधला फरक या वाटपात सहज विरघळून जातो.

शिवाय घट झाली म्हणजे ती खडकामुळेच झाली असे नाही. पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी विहीर दहा दिवस बंद असेल. विहिरीच्या तोंडाशी ओघ आवळणारा चोक कुणी बदलला असेल. नळीत मेण साचले असेल, किंवा तेलाबरोबर येणारे पाणी वाढल्याने वर येणारा स्तंभच जड झाला असेल. सॉफ्टवेअर या सगळ्यांकडे सारख्याच नजरेने पाहते, त्याला फक्त खाली गेलेला ठिपका दिसतो. म्हणून अनुभवी अभियंता रेषा ओढण्याआधी विहिरीची जुनी कागदपत्रे वाचतो. वर्कओव्हर (विहिरीच्या आतली मोठी दुरुस्ती) कधी झाला, गॅस लिफ्ट (वायू सोडून तेलाचा स्तंभ हलका करण्याची सोय) कधी बसवले, कोणत्या महिन्यात ती किती दिवस चालली. मला विचाराल तर या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा उपयोग इथेच आहे. पुढची रेषा ते कितीही देखणी काढो, एखादी विहीर आपल्या नेहमीच्या उतारावरून घसरली की लगेच बोट ठेवून दाखवणे हे काम जास्त मोलाचे आहे. कारण बिघाड लवकर कळला तर दुरुस्त करता येतो.

आर्प्सच्या सूत्राची खरी कसोटी लागली अमेरिकेत, शेल खडकाच्या विहिरींवर. शेल इतका घट्ट असतो की आडवी विहीर खणून, दाबाने पाणी आणि वाळू घुसवून त्याला भेगा पाडाव्या लागतात. या विहिरी सुरुवातीला जोरात वाहतात आणि पहिल्याच वर्षात निम्म्याहून अधिक उतरतात, मग मात्र बराच काळ रेंगाळतात. त्यांचे ठिपके सूत्रात बसवले की घातांक एकच्या वर जातो. आणि घातांक एक किंवा त्याहून मोठा असेल, तर रेषेखालच्या क्षेत्रफळाची बेरीज कधी संपतच नाही. एका विहिरीत अनंत तेल! सूत्रात चूक नव्हती. विहिरीच्या ओघाचा परिणाम साठ्याच्या सीमेपर्यंत पोहोचला आहे, असे आर्प्सच्या सूत्रात गृहीत असते. शेलच्या घट्ट खडकात तो परिणाम इंच-इंच सरकतो. विहिरीला वर्षानुवर्षे आपल्या कुंपणाचा पत्ताच लागलेला नसतो, आणि आपण मात्र तिच्या नोंदीवरून शेत केवढे ते सांगायला बसतो. आता सॉफ्टवेअरमध्ये यावर तोड असते. घटीचा वेग ठरावीक मर्यादेपर्यंत मंदावला की पुढची रेषा सक्तीने पहिल्या प्रकारच्या उतारावर टाकायची. ती मर्यादा किती ठेवायची, हे पुन्हा माणूसच ठरवतो.

नैसर्गिक वायूच्या बाबतीत दुसरी एक सुंदर पद्धत हाताशी आहे. सीएनजी रिक्षाचा चालक टाकीच्या काट्यावरून उरलेला गॅस ओळखतो. पूर्ण भरलेल्या टाकीचा दाब साधारण २०० बार (बार हे दाबाचे एकक) असतो. काटा शंभराच्या आसपास आला की निम्मा गॅस संपला. जमिनीखालच्या वायूसाठ्यालाही हेच लागू पडते. किती वायू काढल्यावर दाब किती उतरला हे मांडत गेले (उच्च दाबाला वायू थोडा वेगळा वागतो, त्यासाठी दाबाला एका गुणकाने भागून), की सरळ रेषा मिळते. ती शून्य दाबाला जिथे पोहोचेल तो मूळ साठा. अडचण एवढीच की रिक्षाची टाकी पोलादाची असते. जमिनीखालच्या टाकीत खालून पाणी शिरू शकते. पाणी शिरले की दाब टिकून राहतो, साठा मोठा भासतो, आणि एके दिवशी वायूऐवजी पाणीच वर येऊ लागते.

आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या खोल समुद्रातले आहे. तिथल्या केजी-डी६ क्षेत्रातील पहिल्या दोन मोठ्या साठ्यांतून एप्रिल २००९ मध्ये वायू येऊ लागला. दिवसाला ८ कोटी घनमीटरची आखणी होती. २०१०मध्ये उत्पादन ६ कोटींच्या आसपास गेले आणि तिथून उतरत राहिले. विहिरींमध्ये पाणी आणि वाळू शिरू लागली. फेब्रुवारी २०२०मध्ये त्या साठ्यांमधले उत्पादन थांबले. घट अशी का झाली यावर सरकार आणि हे क्षेत्र चालवणारी रिलायन्स कंपनी यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. त्या वायूच्या भरवशावर देशात वीज प्रकल्प उभे राहिले होते आणि पुरेशा वायूअभावी ते रखडले.

म्हणूनच जबाबदार अभियंता एकच आकडा देत नाही. संगणकाकडून तो हजारो वेळा रेषा काढून घेतो, दर वेळी घातांक आणि सुरुवातीची घट थोडी इकडे-तिकडे करून. त्यातून तीन आकडे निघतात. पी९० म्हणजे किमान इतके तेल मिळण्याची शक्यता नव्वद टक्के. पी५० म्हणजे निम्मी शक्यता, आणि पी१० म्हणजे नशिबाने साथ दिली तर. बातम्यांमध्ये मात्र बहुतेक वेळा एकच आकडा छापून येतो, आणि तो यातला कोणता हे लिहिलेले नसते. ते लिहायला हवे.

आता मुंबईच्या समुद्राकडे येऊ. १९७४ साली सागर सम्राट या समुद्रात विहिरी खणणाऱ्या रिगने मुंबई हाय या तेलक्षेत्राचा शोध लावला, मे १९७६ मध्ये तेल निघू लागले. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या या चुनखडकाने १९८०च्या दशकात दिवसाला चार लाख बॅरलहून अधिक तेल देऊन शिखर गाठले. त्यानंतर उतार सुरू झाला. समुद्राचे पाणी शुद्ध करून खडकात दाबणे, जुन्या विहिरींना नवे फाटे फोडणे, असे उपाय होत राहिले. आलेखात त्यांच्या खुणा दिसतात. रेषा खाली येते, थोडी सावरते, पुन्हा उतरते.

जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने या क्षेत्राचे उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक सेवेसाठी दहा वर्षांकरिता निवड केली. पहिली दोन वर्षे ठरलेली फी, पुढे मात्र वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नातला वाटा, असे या व्यवहाराचे स्वरूप आहे. वाढीव म्हणजे कशापेक्षा? काहीच केले नसते तर मुंबई हायमधून जे तेल निघाले असते त्यापेक्षा. त्यासाठी आधाराला एक घटती रेषा आधीच ठरवून ठेवलेली आहे. प्रत्यक्षात निघालेले तेल मीटरवर मोजता येईल. ही दुसरी रेषा मात्र कोणत्याच मीटरवर कधी दिसणार नाही, कारण त्या वाटेने मुंबई हाय गेलेलेच नसेल. दर वर्षीचा हिशेब तरीही तिच्याशीच ताडून पाहिला जाईल.