बँडॉल म्हणजे नक्की कोण? "पोरी खरंच वाजवतात का" या जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

जपानी गर्ल्स बँडच्या गाण्यांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, पण या पोरी स्वतः वाजवतात का? पोरांच्या बँडला हे फारसं कुणी विचारत नाही. हा संशय आला कुठून ते बघायचं तर 'बँडॉल' या शब्दापाशी थांबावं लागतं, म्हणजे बँड अधिक आयडॉल (कंपनीने निवडून घडवलेली पॉप कलाकार).

त्याआधी थोडं सिनेमाचं, कारण पडद्यावर एक आणि आवाज दुसऱ्याचा हे भांडण तिथे खूप जुनं आहे. हॉलिवूडच्या म्युझिकल्समध्ये 'द किंग अँड आय' (१९५६), 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) आणि 'माय फेअर लेडी' (१९६४) या तिन्हींमध्ये नायिकेच्या गाण्यांमागे एकाच गायिकेचा आवाज आहे आणि तिचं नाव तेव्हा पडद्यावर आलं नाही. 'वेस्ट साइड स्टोरी'च्या नायिकेने तर सगळी गाणी स्वतः रेकॉर्ड केली होती, तीच वापरणार असं तिला वाटत होतं, आणि नंतर त्यावर त्याच गायिकेचा आवाज चढवला गेला. त्याहून कमाल 'सिंगिन इन द रेन'ची (१९५२). त्याची गोष्टच आवाज उसना देण्याची, आणि त्यात जी मुलगी दुसरीला आवाज देताना दिसते तिचंच एक गाणं प्रत्यक्षात तिसऱ्याच बाईने गायलंय. आपल्याकडे 'महल'च्या (१९४९) रेकॉर्डवर गायिकेऐवजी पात्राचं नाव छापलं होतं हे आठवत असेलच, पण आपण पुढे पार्श्वगायन उघड मान्य केलं आणि त्याचा मान केला. तिथे ते लपवलं गेलं, आणि लपवलं की फसवणूक वाटते.

आता जपान. ऐंशीच्या दशकाबद्दल एवढंच, की १९८३ मध्ये एका ऑडिशनमधून पाच मुली निवडून त्यांचा बँड 'तयार' केला गेला, नाव आकासाका कोमाची. नावं बदलत बदलत त्या प्रिन्सेस प्रिन्सेस झाल्या, आणि १९८९ मध्ये त्यांचं 'डायमंड्स' वर्षाच्या विक्रीत पहिलं आणि दुसऱ्या नंबरवरही त्यांचंच गाणं. म्हणजे ऑडिशनमधून जमवलेला बँड, तरी यांना कुणी नकली म्हणत नाही, कारण पुढे गाणी त्यांनी स्वतः लिहिली, स्वतः वाजवली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग जपानच्या साप्पोरो शहरातल्या झोन या बँडकडे येऊ. १९९७ मध्ये ही नाचणाऱ्या-गाणाऱ्या शाळकरी मुलींची टीम होती, वाद्यं हातात नंतर आली. 'बँडॉल' हा शब्द त्यांच्यामुळेच रूढ झाला आणि तोच त्यांच्या गळ्यात अडकला. आयडॉलवाले म्हणायचे या बँड, रॉकवाले म्हणायचे या आयडॉल, म्हणजे घरच्याही नाहीत आणि दारच्याही नाहीत. आक्षेप असा की आधी चेहरे निवडले आणि मग गिटारी दिल्या, गाणीही बाहेरच्यांनी लिहिलेली. माझ्या मते हा आक्षेप अर्धा बरोबर आहे पण त्याला दिलेलं वजन साफ चुकीचं. चेहरे आधी निवडणं प्रिन्सेस प्रिन्सेसच्या बाबतीतही झालं होतं की. फरक वयाचा होता, या बारा-चौदा वर्षांच्या पोरी होत्या आणि सगळ्यांसमोर शिकत होत्या, आणि शिकणाऱ्याला खोटं ठरवणं सोपं असतं.

ऑगस्ट २००१ मध्ये त्यांचं 'सीक्रेट बेस' आलं, दुपारच्या एका टीव्ही मालिकेचं गाणं. सुट्टी संपताना दुरावणारे दोन मित्र, आणि दहा वर्षांनी ऑगस्टमध्ये परत भेटू असा विश्वास. २००५ मध्ये बँड बंद झाला. मग २०११ च्या 'आनोहाना' या अ‍ॅनिमेने (जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेने) शेवटच्या गाण्यासाठी हेच घेतलं, त्यातल्या पात्रांना आवाज देणाऱ्या तीन व्हॉइस अ‍ॅक्ट्रेसनी गायलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे गाण्यात म्हटलंय अगदी तसंच, झोन पुन्हा स्टेजवर आला. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. ज्यांना नकली म्हटलं त्यांनी गाण्यातला शब्द पाळला.

मधल्या काळात सिनेमाने उलटी दिशा घेतली. 'स्विंग गर्ल्स' (२००४) मध्ये यामागाताच्या शाळकरी मुली जॅझ बँड काढतात, आणि त्यातल्या नट्या खरंच वाद्यं शिकून वाजवतात. पुढच्या वर्षीच्या 'लिंडा लिंडा लिंडा'मध्ये बेस गिटार वाजवणारी मुलगी खऱ्या बँडची बेसिस्टच होती. सुरुवातीचे कच्चे सूर ऐकायला जी मजा येते ती सफाईदार रेकॉर्डिंगमध्ये येत नाही.

नंतर सगळा खेळ अ‍ॅनिमेत गेला आणि इथे गुंता वाढला. 'के-ऑन!' (२००९) मध्ये गाणाऱ्या व्हॉइस अ‍ॅक्ट्रेस, वाजवणारे स्टुडिओचे वादक, सीडीवर नाव मात्र गोष्टीतल्या बँडचं, आणि २०१० मध्ये त्यांची दोन सिंगल्स (एकेका गाण्याच्या सीडी) एकाच आठवड्यात विक्रीत पहिल्या आणि दुसऱ्या नंबरला. फसवणुकीची ओरड इथे फारशी झाली नाही, कारण पात्रं कागदावरची आहेत हे सगळ्यांना माहीतच होतं. 'बोच्ची द रॉक!' (२०२२) साधारण याच वाटेने गेलं. 'बँग ड्रीम' या गर्ल्स बँडवरच्या मालिकेवाल्यांनी २०१५ पासून वेगळा हट्ट धरला, की जी पात्राला आवाज देते तीच स्टेजवर ते वाद्य वाजवणार. काही जणींना वाद्य जवळजवळ पहिल्यापासून शिकावं लागलं, म्हणजे पुन्हा झोनसारखंच, फक्त आता त्या शिकण्याचं कौतुक होत होतं.

'गर्ल्स बँड क्राय' या अ‍ॅनिमेने (२०२४) तर क्रमच उलटा केला. आधी ऑडिशनमधून वाजवणाऱ्या-गाणाऱ्या मुली शोधल्या, त्यांची गाणी २०२३ पासूनच बाहेर आली, आणि मग ज्यांनी आधी कधी डबिंग केलं नव्हतं अशा त्या मुलींनाच पात्रांचे आवाज द्यायला बसवलं. पहिल्या एपिसोडमध्ये बोलताना त्या अडखळतात ते ऐकू येतं, आणि यावेळी तक्रार निघाली ती अभिनयाबद्दल, वाजवण्याबद्दल कुणी काही बोललं नाही.