गोठ्याच्या भिंतीला लोणा का लागतो?

सोलापूरकडच्या जुन्या विटांच्या गोठ्यांवर हल्ली एकच इलाज चालतो. जोत्यापासून कमरेपर्यंत लोणा, म्हणजे भिंतीतून फुटणारा क्षार, लागून वीट पोपडे टाकू लागली, की सिमेंटचा गिलावा. काही पावसाळ्यांत तो फुगतो, आणि सोलून पाहिला तर मागे विटेचा नुसता भुगा. यात गवंड्याचा हात वाईट नसतो, सिमेंटच चुकीच्या जागी आलेले असते.

हे गोठे चुन्यात बांधलेले. काळ्या रानातले चुनखडीचे खडे भट्टीत साधारण ९०० अंशांवर भाजायचे, चुना पाण्यात विरवायचा, वाळू किंवा सुरखी (विटांची भुकटी) घालून बैलाच्या घाण्यात मळायचा. पोरबंदरला सिमेंट तयार होऊ लागले १९१४ मध्ये. खेड्यात पोचायला त्याला पुढे बराच काळ लागला.

लोणा येतो तो जनावरांच्या मुतातून. मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो, मातीतले जीवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि चुन्याशी गाठ पडली की कॅल्शियम नायट्रेट तयार होते. तोफेच्या दारूचा सोरा पूर्वी अशाच मातीतून काढत. हा क्षार पाण्यात विरघळून विटेच्या बारीक छिद्रांतून वर चढतो. भिंत उघडी असेल तर पाणी पृष्ठभागावरून उडून जाते आणि बाहेर पांढरी भुकटी उरते. सिमेंटने ती वाट अडवली की ओल आणखी वर सरकते. गिलाव्याच्या वरच्या काठालगत दिसणारा काळपट पट्टा तो हाच. स्फटिक मग विटेच्या आतच वाढतात, छिद्रांच्या भिंती रेटतात आणि वीट आतून फुटते. त्यात कॅल्शियम नायट्रेट हवेची आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर गेली की हवेतलेच पाणी ओढून विरघळते, हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिक धरते. म्हणून श्रावणात पावसाने उघडीप दिली तरी भिंत ओली, आणि फाल्गुनात पांढरी. याला वास्तुदोष म्हणून शांत करणाऱ्यांनी तो खर्च चुन्यावर करावा.

गिलावा छिन्नीने हलक्या हाताने उतरवा. भुकटी कोरड्या ब्रशने झाडून लांब टाका. भिंत धुऊ नका, पाण्याबरोबर क्षार परत आत जातो. विटांमधले सांधे २५ मिलिमीटर खोल खरवडा, पाणी शिंपडा आणि १ भाग मुरवलेला चुना व ३ भाग चाळलेली वाळू दाबून भरा. हे काम दिवाळीनंतरचे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड बनतो, पण ओल असेपर्यंतच; एप्रिल-मेच्या उन्हात तो आधी सुकतो आणि बोटाने खरवडला तरी पूड होऊन गळतो. आठवडाभर ओली पोती लावून ठेवा.

या सगळ्याच्या आधी मुताची नाली भिंतीपासून लांब, उतार देऊन काढा. ती जोत्याशीच राहिली तर नवा चुनाही तोच क्षार पीत राहील.