चेक लीगमध्ये १८ टीम आल्या कुठून? २०२०-२१ सीझनची पार्श्वभूमी

चेक रिपब्लिकच्या पहिल्या डिव्हिजनच्या फुटबॉल लीगचं २०२०-२१ चं टेबल पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की लीग वाढवली बुवा, सुधारणा केली असणार काहीतरी. १८ टीम, ३४ राउंड, ३०६ मॅच. त्याच्या आधीच्या सीझनला १६, नंतरच्या सीझनलाही १६, मधलं हे एकच वर्ष फुगलेलं. सुधारणा वगैरे काही नव्हती, आदल्या वर्षीचं अर्धवट राहिलेलं काम होतं ते, आणि त्याचं बिल या वर्षी फाडलं गेलं.

जुना इतिहास थोडक्यात उरकतो. चेकोस्लोव्हाकियाची प्रोफेशनल लीग १९२५ पासूनची, देश फुटल्यावर १९९३ मध्ये तिचीही वाटणी झाली. शेवटच्या एकत्र सीझनमध्ये चेक बाजूचे १० क्लब होते, मग खालच्या डिव्हिजनमधून ६ उचलले आणि १६ चा आकडा जुळवला. तो आकडा पुढे २७ सीझन कोणी हलवला नाही. नाव मात्र स्पॉन्सर बदलला की बदलायचं, आधी बिअरचं, मग रंगाच्या कंपनीचं, मग बेटिंगवाल्यांचं, त्यामुळे जुन्या बातम्या शोधताना डोकं फिरतं. नव्वदच्या दशकात प्रागचीच स्पार्टा जवळपास दरवर्षी जिंकायची, पुढे लिबेरेत्स, ओस्त्रावा, प्ल्झेन यांनी मध्येमध्ये हात मारला. या विषयापुरतं एवढं बास.

खरी गोष्ट सुरू होते २०१८-१९ ला, आणि इथेच तो शब्द येतो ज्याच्यावरून सगळ्यांचा घोळ होतो, नाद्स्ताव्बा. इंग्रजी बातम्यांत त्याचं प्लेऑफ करून टाकतात, ते अर्धंच खरं आहे. ‘नाद’ म्हणजे वर आणि ‘स्ताव्बा’ म्हणजे बांधकाम, थोडक्यात असलेल्या घरावर चढवलेला मजला. खालचं घर म्हणजे नेहमीचे ३० राउंड. ते संपले की टेबलचे तीन तुकडे करायचे, वरच्या ६ टीम आपसात प्रत्येकी ५ मॅच खेळणार, खालच्या ६ पण तसंच, आणि मधल्या ४ म्हणजे ७ ते १० नंबरवाल्यांची पुढच्या वर्षीच्या युरोपियन क्लब स्पर्धांमधल्या एका जागेसाठी वेगळी नॉकआउट. पॉइंट पुसले जात नाहीत, सगळे पुढे येतात, काही देशांत अशा वेळी अर्धे करतात तो प्रकार इथे नाही. आणि ५ मॅच म्हटल्यावर कोणाला तरी ३ होम मिळणार आणि कोणाला २, तर ज्यांचा नंबर वर त्यांना ३. म्हणजे ३० राउंडनंतर तिसरा की चौथा हेही महत्त्वाचं.

मजला चढवायचं कारण उघड होतं, मोठ्या टीमच्या आपसातल्या मॅच वाढवायच्या, टीव्हीला माल मिळतो आणि एप्रिलमध्येच टायटल ठरून सगळे जांभया देत बसत नाहीत. पण खालच्या बाजूलाही एक बदल झाला होता त्याच्याकडे कमी लोकांनी लक्ष दिलं. आधी शेवटचे दोघं सरळ खाली, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जायचे. आता फक्त १६ वा सरळ खाली, आणि १४ व्या-१५ व्याने दुसऱ्या डिव्हिजनच्या दुसऱ्या-तिसऱ्याशी दोन लेगची (एक मॅच घरी, एक बाहेर) ‘बाराज’ खेळायची, जिंकेल तो वरच्या लीगमध्ये. शब्द फ्रेंच आहे, आपल्याकडे नदीवर बॅरेज बांधतात तोच. आणि काम पण तसंच करतो, पाणी अडवतो. पहिल्याच वर्षी १४ वी आणि १५ वी, म्हणजे कार्विना आणि प्रिब्राम, दोघीही बाराजमधून वाचल्या, प्रागची दुक्ला तेवढी खाली गेली आणि खालून एकटी चेस्के बुद्येयोवित्से वर आली. ही दोन नावं लक्षात ठेवा, कार्विना आणि प्रिब्राम.

मग २०१९-२०. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे लीग बंद, मे अखेर पुन्हा सुरू, आणि युरोपात हे जमवणाऱ्या पहिल्या काही लीगमध्ये चेक लीग होती, त्याचं कौतुकही झालं. ३० राउंड पूर्ण झाले, वरचा मजला सुरू झाला, आणि जूनमध्ये कार्विनाच्या टीममध्ये केसेस निघाल्या. कार्विना म्हणजे पोलंडच्या बॉर्डरजवळचं कोळशाच्या खाणींचं गाव, त्या वसंतात तिथल्या एका खाणीत कोविडचा मोठा उद्रेक झालेला, त्यामुळे आश्चर्य कोणाला वाटलं नाही. अख्खी टीम क्वारंटाइन. आता खालच्या गटात ६ टीम आणि त्यातली एक खोलीत बंद, म्हणजे प्रत्येकाची एक मॅच अडकली. कशीबशी गाडी पुढे सरकतेय तोवर जुलैत त्याच गटातल्या ओपावा क्लबमध्येही केस. तिकडे युरोपच्या फुटबॉल संघटनेला (UEFA) ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सगळ्या लीग संपवून हव्या होत्या, तारखा उरल्याच नाहीत. खालचा गट तिथेच सोडून दिला.

वरचा गट मात्र पूर्ण झाला. स्लाविया चॅम्पियन, युरोपच्या जागा वाटून झाल्या, सगळं अधिकृत. खाली? दुसऱ्या डिव्हिजनमध्ये कोणीच गेलं नाही. आणि दुसऱ्या डिव्हिजनमधून पहिल्या दोन, पार्दुबित्से आणि ब्र्नो, बाराज न खेळता सरळ वर. १६ अधिक २, झाल्या १८.

या निर्णयावर अजून वाद घालतात लोक, आणि माझं मत सांगायचं तर तो दिसतो तितका उदार नव्हता. त्या वर्षी बाकीच्यांनी काय केलं बघा. फ्रान्सने लीग मध्येच थांबवली, टेबल गोठवलं आणि शेवटच्या दोघांना खाली पाठवलं. स्कॉटलंडने पण टेबल गोठवलं आणि शेवटच्या एकाला खाली पाठवलं. हॉलंडने उलट, चॅम्पियन नाही, वर नाही, खाली नाही. दोन्ही मार्गांत निदान एकच न्याय वर आणि खाली. चेक लीगने मधला रस्ता काढला, वरच्यांचा निकाल धरला आणि खालच्यांचा सोडला. बाजूने बोलणारे म्हणतात की वरच्या मॅच झाल्या आणि खालच्या झाल्या नाहीत, मग जे झालंच नाही त्यावरून कोणाला शिक्षा कशी देणार? बरोबर आहे. पण ३० राउंड सगळ्यांचे पूर्ण झाले होते, प्रत्येकजण प्रत्येकाशी घरी-दारी खेळलेला. आधीची २५ वर्षं त्याच ३० राउंडवर लोकांना खाली पाठवत होतेच की! मजला चढवून २ वर्षं झाली नाहीत तर मजला अर्धा राहिला म्हणून खालचं घरच मोजायचं नाही, हे मला तरी पटत नाही. दुसऱ्या बाजूने, क्वारंटाइनमुळे जी टीम मैदानातच उतरू शकत नाही तिला टेबलकडे बोट दाखवून ‘जा खाली’ म्हणणं पण जड जातं, आणि तळाला ज्या तीन टीम होत्या त्यातल्या दोन म्हणजे कार्विना आणि ओपावाच होत्या. तिसरी प्रिब्राम.

तर अशा १८ टीम घेऊन ऑगस्ट २०२० मध्ये सीझन सुरू झाला, नेहमीपेक्षा उशिरा. १८ जणांचे घरी-दारी ३४ राउंड होतात, त्यावर ५ मॅचचा मजला चढवला तर ३९, आणि पुढे जूनमध्ये लांबणीवर पडलेली युरो कप, जागाच नव्हती. म्हणून मजला काढून टाकला. शिवाय ऑक्टोबरमध्ये पुन्हा काही आठवडे सगळं बंद, मॅच बहुतेक रिकाम्या स्टेडियममध्ये. पार्दुबित्सेचं स्वतःचं ग्राउंड लीगच्या नियमात बसत नव्हतं, ते होम मॅच प्रागला जाऊन दुसऱ्याच क्लबच्या मैदानावर खेळत होते, प्रेक्षक नसल्यामुळे त्यांचं तसं फार बिघडलं नाही म्हणा.

वरची बाजू एकतर्फी. स्लाविया ३४ मध्ये २६ जिंकली, ८ ड्रॉ, हार शून्य, ८६ पॉइंट. स्पार्टा १२ पॉइंट मागे. आपल्याकडे रात्री जागून युरोपा लीग बघणाऱ्यांना ही स्लाविया आठवत असेल, लेस्टर आणि रेंजर्सला काढलं, आर्सेनलला लंडनमध्ये १-१ वर रोखलं आणि मग प्रागमध्ये ०-४ खाल्ले.

पण या सीझनचा खरा हिशोब तळाला. १८ चे परत १६ करायचे म्हणून तीन सरळ खाली आणि एकच वर, बाराज नाहीच. गेले कोण? ओपावा, प्रिब्राम आणि ब्र्नो. पहिल्या दोघी म्हणजे आदल्या जुलैत ज्यांना जीवदान मिळालं त्याच, त्यांची शिक्षा फक्त एक वर्ष पुढे ढकलली गेली. ब्र्नोचं मात्र सुक्याबरोबर ओलंही जळालं, एरवी १६ व्या नंबरवाला एकटाच सरळ खाली जातो आणि त्याच्यावरच्या दोघांना निदान बाराजचा चान्स असतो, या वर्षी तळाच्या तिघांनाही तो नव्हता. वर आली ती ह्रादेत्स क्रालोवे.

पार्दुबित्से टिकली, पुढेही टिकून राहिली, आणि नंतर स्वतःच्या नव्या स्टेडियमवर परत आली. कार्विना पण त्या वर्षी वाचली. २०२१-२२ ला आकडा पुन्हा १६, मजला पुन्हा चढवला, बाराज पुन्हा सुरू. त्या सीझनला १६ व्या नंबरवर येऊन सरळ खाली गेली ती कार्विना, आणि तिच्या जागी वर आली ब्र्नो.