ग्लिसरीन की तेल? कोरड्या स्काल्पला नेमकं काय हवंय

डोकं कोरडं पडलंय, खाज येतेय, काय लावू असं कुणाला विचारलं की आपल्याकडं हमखास दोन उत्तरं मिळतात. घरातली मोठी माणसं म्हणतात तेल लाव, मुळांशी चांगलं जिरव, आणि आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कुठल्याही कॉस्मेटिकच्या दुकानात गेलं की काउंटरवरची ताई हायड्रेटिंग सिरम पुढं करते. दोघंही सांगतात की याने ओलावा येतो. पण तेलात पाणी औषधालासुद्धा नसतं, मग ते ओलावा आणणार कुठून? आणि सिरममधलं ग्लिसरीन बोटाला कितीही चिकट, बुळबुळीत लागलं तरी ते तेल नाही, नळाखाली हात धरला की साबण न लावता निघून जातं. दोन्ही कामाच्या वस्तू आहेत, फक्त एकीचं काम दुसरीला सांगितलं की डोकं होतं तसंच राहतं आणि मग आपण म्हणतो की मला काहीच सूट होत नाही.

ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, सगळा खेळ एवढाच आहे. त्याच्या रेणूला पाण्याचा रेणू पकडायला तीन जागा असतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तशीच ही ओढ, हवेतलं किंवा शेजारचं पाणी स्वतःकडं खेचायची. अशा पदार्थांना ह्युमेक्टंट म्हणतात आणि या घराण्यात ग्लिसरीन एकटं नाही, मध आहे, पॅन्थेनॉल आहे, युरिया आहे, सोडियम पीसीए आहे, हायलुरॉनिक ॲसिड आहे, आणि गंमत म्हणजे आपली कातडीसुद्धा स्वतःचे ह्युमेक्टंट बनवते. वरच्या थरात अमिनो ॲसिड, पीसीए, लॅक्टेट, युरिया असा मसाला असतो, त्याच्यावरच तो थर लवचिक राहतो. कडक शाम्पूने रोज डोकं धुतलं की हा मसाला वाहून जातो, मग ओढल्यासारखं वाटतं, बारीक पांढरा भुसा पडतो.

तेलाचं काम बरोब्बर उलट्या बाजूनं चालतं. ते पाणी आणत नाही, असलेलं पाणी उडून जायचा वेग कमी करतं. म्हणजे आत काही असेल तर तेल ते राखणार, आतच खडखडाट असेल तर राखणार काय! कोरड्या डोक्यावर थेट तेल चोपडून तास-दोन तास बरं वाटतं, कारण कातडी मऊ लागते आणि भुसा चिकटून बसतो, दिसत नाही. धुतलं की परत तेच.

डिसेंबरात नाशिकच्या कुठल्याही बाथरूममधल्या फळीकडं नीट बघा. खोबरेल तेलाची बाटली गोठून पांढरी झालेली असते, कारण ते २४-२५ अंशांच्या खाली घट्ट व्हायला लागतं, मग सकाळी कुणीतरी ती गरम पाण्याच्या मगात उभी करून ठेवतं. तिच्याच शेजारी टाचांच्या भेगांसाठी आणलेली ग्लिसरीनची छोटी बाटली मात्र पाकासारखी ओघळत असते. खरं तर शुद्ध ग्लिसरीनही १८ अंशांच्या आसपास गोठायला हवं, पण ते इतकं आळशी आहे की त्याचे स्फटिक सहसा जमतच नाहीत, आणि थोडं पाणी मिसळलेलं असेल तर विषयच संपला.

आणि ही दोघं नात्यातली आहेत बरं का. कार्ल शील नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये ऑलिव्ह तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवलं तेव्हा त्याला एक गोड चिकट द्रव मिळाला, तेच हे ग्लिसरीन. कुठलंही खायचं तेल घ्या, त्याच्या रेणूचा कणा ग्लिसरीनचाच असतो, त्याला फॅटी ॲसिडच्या तीन शेपट्या लावलेल्या. त्या शेपट्यांमुळं पाणी पकडायच्या तिन्ही जागा अडकून बसतात. साबण बनवताना शेपट्या सुटतात, जागा मोकळ्या होतात आणि ग्लिसरीन बाजूला निघतं. म्हणून तेल पाण्यात मिसळत नाही आणि त्यातूनच निघालेलं ग्लिसरीन लगेच विरघळतं.

आता नाशिकची हवा. लोक यूट्यूबवर केरळच्या नाहीतर मुंबईच्या कुणाचं तरी रूटीन बघतात आणि इथं जानेवारीत तसंच करतात. निफाडला पारा ५-६ अंशांवर आला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या अशी बातमी येते त्या दिवसांत आपल्या हवेत पाणी अगदी कमी असतं, वर आपण बादलीभर कडकडीत पाण्यानं न्हातो. अशा हवेत नुसतं, पाणी न घातलेलं ग्लिसरीन डोक्याला लावलं तर ते हवेतून काय घेणार? मग ते कातडीच्याच आतल्या बाजूचं पाणी वर ओढतं आणि ते वरून उडून जातं, शिवाय चुरचुरतं ते वेगळंच. यावरून काही जण सरळ सांगतात की थंडीत ग्लिसरीन म्हणजे विषच, ते मला पटत नाही. चांगल्या लोशनमध्ये ते थोडंच असतं, सोबत पाणी असतं आणि वरून झाकायला तेलकट घटक असतात, तेव्हा ते थंडीतही उपयोगीच पडतं. भानगड बाटलीतून थेट ओतण्याची आहे. घरी करायचंच असेल तर एक भाग ग्लिसरीनला नऊ-दहा भाग उकळून गार केलेलं पाणी किंवा गुलाबजल घ्या, फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा नाहीतर फेका, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं.

एप्रिल-मेच्या चाळिशीतल्या उन्हातही हवा कोरडीच असते, त्यामुळं हाच हिशोब. पावसाळ्यात मात्र पारडं फिरतं. जुलैत इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला रोज जाणाऱ्यांना विचारा, केस हेल्मेट काढल्या काढल्या फुगतात. केस मुळात स्वतःच पाणी पितो, दमट हवेत थोडा लांब होतो, कोरड्यात आखडतो, आणि याच गुणावर १७८३ मध्ये सोस्यूर या स्विस माणसानं माणसाच्या केसानं हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र केलं होतं! सुक्यापासून पूर्ण ओल्या हवेपर्यंत केसाची लांबी साधारण २ टक्क्यांनी वाढते, आणि केस भिजला की जाडी १४-१५ टक्क्यांनी. अशा दिवसांत केसांच्या लांबीवर ग्लिसरीनवालं सिरम थापलं तर ते आणखी पाणी ओढणार, केस आणखी फुलणार. स्काल्पला त्याचं फार काही वाटत नाही, बोंब केसांची होते.

म्हणून स्काल्प आणि केस हे वेगवेगळे धरा. स्काल्प जिवंत कातडी आहे, केस बाहेर आला की मेलेला, त्याला पोषण वगैरे काही नसतं, जाहिरात काहीही म्हणो. केसासाठी तेलाचा खरा फायदा धुण्याच्या आधी आहे. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको या कंपनीतल्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना छापली, त्यात धुताना केसातलं प्रोटीन निघून जाणं कमी केलं ते फक्त खोबरेलनं. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनच वाचायचं, पण कारण पटण्यासारखं आहे, त्यातलं लॉरिक ॲसिड लहान आणि सरळ असल्यानं केसाच्या आत शिरतं, मग केस धुताना पाणी कमी पितो, कमी फुगतो, कमी तुटतो. दिवाळीच्या पहाटे आधी तेल मग न्हाणं हा क्रम केसांसाठी अगदी बरोबर आहे. कातडीसाठी तो फिरवायचा. न्हाऊन झालं, टॉवेलनं टिपलं, स्काल्प अजून दमट आहे तेव्हा भांग पाडून पॅन्थेनॉल किंवा ग्लिसरीनवालं हलकं लोशन बोटाच्या टोकानं लावायचं, आणि थंडी असेल तर वरून तेलाचे चार थेंब, जास्त नाही.

कोरफड लावणारे बरेच आहेत, लावा, पण पान कापल्यावर जो पिवळा चीक गळतो तो पूर्ण निथळू द्या, खाज बऱ्याचदा त्यानंच येते. आतला गर जवळपास सगळा पाणीच आहे, त्यामुळं वाळला की परत ओढल्यासारखं होतं. लिंबू चोळणं तर कृपा करून बंद करा.

सगळ्यात मोठा घोटाळा कोंड्याचा. माझी भाची सिडकोत राहते, तिनं मागे फोन करून विचारलं, “मावशी, मी एक दिवसाआड तेल लावते तरी कोंडा वाढतोच गं, अजून लावू का?” तिला म्हटलं, आधी नखानं थोडं काढून बघ, काय येतंय. बारीक, सुकं, पांढरं झडत असेल तर ती कोरडी स्काल्प, तिला वरचं सगळं लागू. पण तिच्या नखात पिवळसर, तेलकट, मोठाले पापुद्रे आले. तो कोंडा, त्यामागं मॅलासेझिया नावाची बुरशी असते, ती सगळ्यांच्याच डोक्यावर राहते आणि तिला जगायला चरबी बाहेरूनच लागते, स्वतः बनवता येत नाही. तिथं तेल मुरवणं म्हणजे तिची बडदास्त ठेवणं. ग्लिसरीननंही कोंडा जात नाही, तिथं केटोकोनॅझोलसारखा औषधी शाम्पू लागतो, आणि तो लावून तीन-पाच मिनिटं ठेवावा लागतो, लगेच धुतला तर पैसे गटारात. शाम्पूनं सुकल्यासारखं वाटलं तर मग पाण्यासारखं पातळ ह्युमेक्टंट लोशन चालतं, तेल नाही. आणि जाड पांढरी खपली, खाली लाल चट्टा, किंवा एखाद्या जागचे केसच गेलेत असं दिसलं तर दुकानात विचारत बसू नका, स्किनच्या डॉक्टरांकडं जा.