तेजाबाचा एक थेंब

आजीच्या पाटल्या मोडायच्या होत्या, तेव्हा मी तिच्याबरोबर सराफाच्या पेढीवर गेलो होतो. सराफकाकांनी पाटली काट्यावर टाकायच्या आधी एक काळा, गुळगुळीत दगड पुढे घेतला आणि पाटलीची कड त्यावर घासली. पिवळी रेघ उठली. शेजारी त्यांनी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची दुसरी रेघ ओढली आणि काचेच्या काडीने दोन्हींवरून तेजाबाचा थेंब आडवा फिरवला. आजी टक लावून बघत होती. दोन्ही रेघा जशाच्या तशा राहिल्या, तेव्हा कुठे तिने पदराने कपाळ पुसलं.

इंग्रजी बातम्यांत ‘ॲसिड टेस्ट’ असं वाचलं, की मला त्या दोन रेघा आठवतात. नव्या सरकारची ॲसिड टेस्ट, नव्या कर्णधाराची ॲसिड टेस्ट. हा शब्द सोनारकामातूनच आला आहे.

त्या थेंबात असतं नायट्रिक आम्ल. तांबं, पितळ, चांदी यांच्याकडून ते इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि धातू विरघळू लागतो. तांबं असेल तर हिरवट-निळा रंग उतरतो आणि तपकिरी वाफ उठते. सोनं मात्र आपले इलेक्ट्रॉन सहजी सोडत नाही, म्हणून एकट्या नायट्रिक आम्लाला ते दाद देत नाही. त्याला विरघळवायला एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण लागतं, म्हणजे आम्लराज. त्यातले क्लोराइड आयन सुटलेल्या सोन्याला लगेच धरून ठेवतात आणि विरघळणं चालू राहतं. जास्त कॅरटचं सोनं तपासायच्या तेजाबात म्हणूनच हायड्रोक्लोरिकचा बेताचा अंश घालतात. त्याने १८ कॅरटची रेघ फिकी पडते, २२ कॅरटची टिकते. २४ भागांत २२ भाग सोनं म्हणजे हजारात ९१६, दागिन्यावर तोच आकडा कोरलेला असतो.

हा वाक्प्रचार कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या शोधाशोधीत जन्मला, असं नेहमी सांगितलं जातं. १८४८च्या जानेवारीत तिथे सोनं सापडलं आणि १८४९मध्ये माणसांचे लोंढे लोटले. हातात आलेला पिवळा खडा सोन्याचा की लोखंड आणि गंधक यांच्या संयुगाचा, म्हणजे पायराइटचा, हा प्रश्न तिथे रोजचाच होता. पण एवढ्यावरून ही परीक्षा त्या खाणकामगारांची म्हणणं मला पटत नाही. युरोपातल्या सोनारांच्या हाती नायट्रिक आम्ल त्याच्या कितीतरी आधीपासून होतं.

आज ‘ॲसिड टेस्ट’ म्हणजे कठीण परीक्षा, असा ढोबळ अर्थ लावला जातो. मूळ अर्थ त्याहून नेमका आहे. जिच्यानंतर वाद उरत नाही, ती ॲसिड टेस्ट. ८ जानेवारी १९१८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या शांततेसाठी आपली चौदा कलमं मांडली, तेव्हा येत्या महिन्यांत इतर राष्ट्रं रशियाशी कशी वागतात ही त्यांच्या सदिच्छेची ‘ॲसिड टेस्ट’ ठरेल, असं ते म्हणाले. सदिच्छेचे शब्द कुणीही बोलेल, वागणूक हा तेजाबाचा थेंब. वाणिज्य शाखेच्या मुलांना हाच शब्द हिशेबात भेटतो. कंपनीच्या चालू मालमत्तेतून, म्हणजे वर्षभरात रोख होऊ शकेल अशा मालमत्तेतून, गोदामातला माल वगळायचा आणि उरलेल्याला चालू देण्यांनी, म्हणजे वर्षभरात फेडायच्या रकमेने, भागायचं. माल विकला जाईलच या भरवशावर न राहता देणी फिटतात का, ते लगेच कळतं.

मला सगळ्यात आवडतं ते याच्या पुढचं. ‘टेस्ट’ हा शब्दही सोनं-चांदी पारखणाऱ्यांचाच! लॅटिनमध्ये ‘टेस्टुम’ म्हणजे मातीचं भांडं. सोनं-चांदी शुद्ध करायच्या उथळ भांड्याला जुन्या इंग्रजीत ‘टेस्ट’ म्हणत. नमुना शिशाबरोबर त्यात तापवला, की शिसं आणि इतर हिणकस धातू ऑक्साइड होऊन भांड्यात शोषले जातात आणि सोन्या-चांदीचा चकाकता मणी उरतो. मग तो मणी नायट्रिक आम्लात टाकायचा, चांदी विरघळते, सोनं राहतं. आधी ‘टेस्ट’, मग ‘ॲसिड’. एकाच कामाच्या या दोन पायऱ्या त्या शब्दांत शेजारी येऊन बसल्या आहेत.

आपणही सोनाराकडेच गेलो, फक्त भांड्याऐवजी दगड उचलला. कसोटी म्हणजे तोच काळा दगड. संस्कृतातला ‘निकष’ही तोच. कस लागणं, कसोटीला उतरणं, बावनकशी, हे सगळं त्या दगडावरून आलेलं. ‘ॲसिड टेस्ट’साठी कुणी ‘आम्लचाचणी’ लिहिलं, की म्हणून वाईट वाटतं. आणि ‘अग्निपरीक्षा’ म्हटलं, की निकालापेक्षा सोसणंच जास्त डोळ्यांपुढे येतं. खरं तर शब्द घरात आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. पाच दिवसांच्या क्रिकेटला मराठीत नाव द्यायची वेळ आली, तेव्हा तोच हाताशी होता. इंग्रजांची ‘टेस्ट मॅच’ भांड्यावरून निघाली, आपला कसोटी सामना दगडावरून.