थरांखालचा हिरवा: खान्देशातल्या जुन्या लष्करी गाड्यांची पार्श्वभूमी

धुळ्यात, भुसावळात किंवा शहाद्यात पन्नास-साठ वर्षांची जीप गॅरेजात घेतली आणि बॉनेटची कड ४०० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने सावकाश घासली, की रंगाचे थर एकेक करून वर येतात. वरचा पांढरा किंवा लाल शेतमालकाने मारलेला असतो. त्याखाली प्रवासी वाहतुकीच्या दिवसांतला काळा-पिवळा, मग रेड ऑक्साइड आणि सगळ्यांच्या तळाशी मळकट हिरवा. या गाड्या कुणी हौसेने झाकून ठेवल्या नव्हत्या. त्या राबत राहिल्या आणि राबल्या म्हणूनच भंगारात गेल्या नाहीत. त्यामुळे इथे जुनी लष्करी गाडी पुन्हा उभी करायची तर आधी तिचं लष्करानंतरचं आयुष्य समजून घ्यावं लागतं.

मूळ जीप दुसऱ्या महायुद्धातली. १९४१ ते १९४५ या काळात विलीज कंपनीने एमबी आणि फोर्डने जीपीडब्ल्यू या नावाने एकाच आराखड्याच्या मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. चार सिलिंडरचं १३४ घनइंची, म्हणजे सुमारे २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, ६० अश्वशक्ती, ६ व्होल्टची वीज, ८० इंचांचा व्हीलबेस आणि ६.००-१६ टायर. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात उरलेला अमेरिकी सरंजाम लिलावात निघाला. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द आपल्याकडे रुळला तो तेव्हापासून. त्याच दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जीपा जोडायला सुरुवात केली. पुढे विलीजच्या नागरी ‘सीजे’ मालिकेतली उंच बॉनेटची सीजे-३बी आली, आणि खान्देशात ‘जुनी मिलिटरी जीप’ म्हणून जी दाखवतात ती बहुतेक वेळा हीच असते. बॉनेट उंच होण्याचं कारण साधं आहे: नव्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमधून काढून हेडमध्ये बसवले, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली.

१९६५ च्या युद्धात खेमकरण भागात हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिमीच्या रिकॉइललेस, म्हणजे मागे झटका न देणाऱ्या तोफेने पाकिस्तानी पॅटन रणगाडे फोडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. जीपबद्दल आपल्या मनात जो आदर आहे, त्याचा मोठा वाटा त्या लढाईचा.

खान्देशाचं स्थानही लक्षात घ्यायला हवं. ईशान्येला इटारसीमार्गे जबलपूर, नैर्ऋत्येला देवळालीचा तोफखाना, दक्षिणेला नगरचं चिलखती दलाचं केंद्र, आणि मुंबई-आग्रा व सुरत-कोलकाता हे महामार्ग एकमेकांना छेदतात ते धुळ्यात. जबलपूरला १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक बनू लागला. १९६९ पासून तिथल्याच वाहन कारखान्यात निसान पेट्रोलवर आधारलेली जोंगा बनली आणि १९९९ पर्यंत बनत राहिली. जोंगाचं सहा सिलिंडरचं जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन ताकदीला उत्तम, पण त्याचं पिणं शेतकऱ्याला परवडणारं नव्हतं. म्हणून लिलावात घेतलेल्या जोंगांत डिझेल इंजिन घालण्याची घाई झाली आणि मूळ इंजिनासह शाबूत जोंगा मिळणं आज अवघड झालं आहे. खुद्द खान्देशात भुसावळचा आयुध कारखाना १९४९ चा, वरणगावचा १९६४ चा. भुसावळला दारूगोळ्याच्या धातूच्या पेट्या आणि डबे बनत आले, वरणगावला लहान शस्त्रांच्या गोळ्या. या दोन कारखान्यांनी आणि भुसावळच्या रेल्वेने या पट्ट्यात फिटर, टर्नर, वेल्डर यांच्या पिढ्या घडवल्या. मापाचा बुश वळवून देणारा हात इथे अजून सापडतो, आणि या कामात तीच सर्वांत मोठी शिदोरी आहे.

लष्करातून सुटलेली जीप सातपुड्याच्या पायथ्याला, अक्कलकुवा-धडगावच्या घाटांत प्रवासी ओढू लागली किंवा रावेर-यावलकडे केळीच्या बागेत ट्रॉली. पेट्रोल महागलं तसं इंजिन बदललं. कुणी ट्रॅक्टरचं बसवलं, कुणी प्यूजोचं डिझेल. या बदलाच्या खुणा चेसीवर कायमच्या राहतात. डिझेल जड असतं आणि थरथरतं, त्यामुळे पुढच्या माउंटिंगजवळ चेसीला केसासारख्या चिरा जातात. वरून वेल्डिंग मारून त्या झाकलेल्या असतात. तिथला रंग तासून, चिरांत शिरून त्या उघड करणाऱ्या रंगद्रव्याची डाय चाचणी घेतल्याशिवाय चेसी चांगली म्हणू नये. वजन पेलायला कमानपाट्यात दोन-तीन पाटे वाढवलेले असतात, त्याने गाडी उंच होते आणि प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस वाकड्या कोनात चालून लवकर संपतात. चेसीच्या पोकळीत काळी माती ठासलेली असते. ती ओल धरून ठेवते आणि लोखंड आतून खाते. चेसी उलटी करून ती खरवडून काढणं हे पहिलं काम, रंगाचा विचार फार नंतर.

विकत घेताना ओळख पटवणं महत्त्वाचं. युद्धकाळातल्या जीपेच्या दाबून बनवलेल्या जाळीत नऊ फटी असतात, नागरी सीजेत सात. विलीज एमबीच्या चेसीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा, फोर्डचा उलट्या यू आकाराचा. फोर्डने आपल्या बहुतेक भागांवर, अगदी बोल्टवरही, ‘एफ’ अक्षर उठवलं होतं. एमबीचे हेडलाइट बिजागरीवर उलटे फिरतात, रात्री इंजिनावर उजेड पाडायला. हरियाणातल्या डबवालीसारख्या बाजारांत नव्या पत्र्याचा हौदा, म्हणजे बॉडी, चढवलेल्या, पोटात वेगळंच इंजिन असलेल्या जीपा ‘मिलिटरी’ म्हणून मिळतात. चालवायला त्या वाईट नसतात, पण संग्रहाच्या दृष्टीने तो नवा माल आहे.

यांत्रिक कामात घोटाळा होतो तो सुटे भाग एकसारखे समजल्याने. ट्रान्सफर केसच्या, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीच्या, मधल्या शाफ्टचंच पाहा. १९४६ पर्यंत त्याचा व्यास पाऊण इंच होता, मग एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, आणि १९५३ च्या सुमारापासून पूर्ण सव्वा इंच. जुना शाफ्ट न मोजता बेअरिंगचा संच मागवला की पैसे वाया. विलीज घडणीच्या अनेक जीपांत डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस पाना लांब करून जोर लावतो आणि स्टड तोडतो. साधारण ४० किमी वेगाला खड्डा लागून पुढची चाकं लटपटू लागली, तर लोक स्टिअरिंग बॉक्स बदलतात. दोष बहुधा मधोमध बसून स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे वळवणाऱ्या बेलक्रँकच्या बुशात, टाय रॉडच्या टोकांत किंवा ज्यावर पुढचं चाक वळतं त्या किंगपिनच्या बेअरिंगांत असतो. किंगपिनच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, कमी करून बेअरिंगला थोडा ताण द्यावा लागतो, नुसतं ग्रीस भरून भागत नाही. ब्रेकचा मार्ग एकच असतो, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. तांब्याच्या जुन्या नळ्या सरसकट काढाव्यात.

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला स्टार्टर लावू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरचं पातळ ऑइल निम्मं-निम्मं मिसळून ५० मिलीच्या आसपास ओतावं, आठवडाभर मुरू द्यावं आणि मग हँडलने मागे-पुढे, ताकद न लावता हलवावं. जुन्या एमबीत व्हॉल्व्ह बाजूच्या झाकणातून दिसतात, ते गाइडमध्ये अडकले असतील तर हँडल फिरतं पण कॉम्प्रेशन येत नाही. इंजिन सुटल्यावर डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटची फट ०.०२० इंच, प्लगची ०.०३० इंच, फायरिंगचा क्रम १-३-४-२. सहा व्होल्टच्या गाडीला बारीक तारा चालत नाहीत. व्होल्टेज निम्मं म्हणजे करंट दुप्पट. आधीच्या माणसाने बारा व्होल्टचा बारीक तारांचा हार्नेस ओढला असेल तर स्टार्टर मलूल फिरेल आणि दोष बॅटरीला दिला जाईल.

खान्देशाचा उन्हाळा ही वेगळी परीक्षा आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो आणि एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीत वाफ धरते. गाडी अर्ध्या तासाने थांबते, गार झाली की पुन्हा सुरू होते. मिस्त्री कार्बोरेटर उघडतो, खरा उपाय नळी एक्झॉस्टपासून दूर नेऊन मध्ये पत्र्याचा आडोसा देण्याचा. वीस टक्के इथेनॉल असलेलं आजचं पेट्रोल लवकर उकळतं आणि जुन्या रबराला फुगवतं. पंपाचा डायफ्रॅम, टाकीची नळी आणि कार्बोरेटरचे वायसर इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच घ्यावेत.

सरंजामातल्या लहान वस्तू, म्हणजे दारूगोळ्याची पेटी, २० लिटरचा जेरीकॅन, बिजागऱ्या, यांच्यासाठी विजेने गंज काढण्याची पद्धत सर्वांत मऊ. प्लास्टिकच्या पिंपात चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, चार्जरची ऋण तार वस्तूला आणि धन तार साध्या लोखंडी पट्टीला. स्टेनलेसची पट्टी कधीही वापरू नये, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून काम उघड्यावर करावं. स्प्रिंग आणि कठीण पोलादाचे भाग यात घालू नयेत, ते ठिसूळ होतात. बाँबगोळ्यांचे अवशेष, मग ते रिकामे का दिसेनात, शेतातून किंवा भंगारातून उचलायचेच नाहीत. पोलिसांना कळवायचं. तोफ किंवा बंदूक शस्त्र कायद्यात येते, संग्रहात फार तर तिचा रिकामा माउंट असू शकतो.

आता रंगाकडे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२१ व्या नियमाप्रमाणे संरक्षण खात्याबाहेरच्या गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. बाणाचं चिन्ह आणि त्यानंतरचे वर्षाचे दोन अंक असलेली लष्करी पाटीही रस्त्यावर चालत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांपेक्षा जुन्या, खासगी आणि मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षांची. चेसी, हौदा किंवा इंजिनात मोठा बदल असेल तर ती मिळत नाही, म्हणजे डिझेल घातलेली जीप या दारातून आत येत नाही. वय पहिल्या नोंदणीपासून मोजतात. लष्करातून उशिरा सुटलेल्या गाडीच्या आरसी बुकावर मात्र एमएच १८ किंवा १९ (धुळे किंवा जळगाव) ची अलीकडची तारीख असू शकते. म्हणून लिलावाचं विक्रीपत्र आणि डिलिव्हरी ऑर्डर हे कागद इंजिनाइतकेच जपावेत.

सँड ब्लास्टिंगला देण्याआधी प्रत्येक पत्रा थरथराने घासून पाहावा. दोन्ही मडगार्ड आणि बंपरवर जुने क्रमांक किंवा तुकडीची खूण निघाली तर मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्यावा, ट्रेसिंग कागदावर उतरवून घ्यावं. ब्लास्टिंगनंतर ते कायमचं जातं. बाहेरून कायद्यात बसणारा वाळूचा किंवा करडा रंग द्यावा. डॅशबोर्डच्या पाठीमागे हाताच्या पंजाएवढा तुकडा मात्र न घासता, वर नुसतं वॉर्निश मारून ठेवावा. तळचा हिरवा नेमका कोणता होता हे पुढे कुणाला पाहायचं झालं, तर नमुना तिथेच मिळेल.