म्हशीचं दूध पांढरं, रोहिताचं लाल

हिवाळ्यापासून मेअखेरपर्यंत ऐरोलीजवळ ठाणे खाडीच्या चिखलात रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, चोच उलटी बुडवून चरताना दिसतात. हा पट्टा २०१५ साली अभयारण्य झाला, २०२२ साली जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेला. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, हे आता शाळकरी मुलंही सांगतात. मग हिरव्या चाऱ्यावर पोसलेल्या म्हशीवर तो रंग का चढत नाही?

कॅरोटीन, म्हणजे वनस्पती नि शेवाळातलं पिवळं-केशरी रंगद्रव्य, दोघांच्याही पोटात जातं. म्हशीचं शरीर त्यातल्या बहुतेक कॅरोटीनचं 'अ' जीवनसत्त्व करून टाकतं, आणि त्याला रंग असा जवळपास नसतोच. म्हणून म्हशीचं लोणी पांढरंशुभ्र. गाईला हे तितकंसं जमत नाही. उरलेलं कॅरोटीन स्निग्धांशात उतरतं नि तूप पिवळं दिसतं. रोहिताची तऱ्हा निराळी. सूक्ष्म शेवाळातून आलेल्या कॅरोटीनपासून तो कँथाझँथिनसारखी लालसर द्रव्यं बनवतो आणि वाढत्या पिसांत भरतो.

पिसांतच नाही, दुधातही! हो, रोहित पिल्लांना दूध पाजतो. सड नाहीत की आचळ नाही. अन्ननलिकेच्या वरच्या भागातल्या अस्तरातून ते पाझरतं आणि चोचीतून पिल्लाच्या चोचीत जातं. नरालाही येतं, ही मला यातली सगळ्यात झकास गोष्ट वाटते. म्हशीच्या दुधात सुमारे ७ टक्के स्निग्धांश असतो, तर या दुधात १५ टक्क्यांच्या आसपास सापडला आहे. शर्करा मात्र नगण्य. दोन्ही दुधांची उत्क्रांती स्वतंत्रपणे झाली, तरी त्यामागचं मुख्य संप्रेरक एकच, प्रोलॅक्टिन. (खिडकीतल्या कबुतरांच्या दुधाचंही तेच, पण त्यांचं कौतुक ठाणेकरांना सांगायची सोय नाही.)

पिल्लाची चोच आधी सरळ असते, त्यामुळे चिखल गाळून खाणं त्याला जमत नाही; ती वाकेपर्यंत सगळी भिस्त दुधावर. पाजता पाजता आईबापांचा रंग चांगलाच उतरतो.

हे सारं ऐरोलीत बघायला मिळणार नाही, कारण रोहित घरटी करतात ती कच्छच्या रणासारख्या ठिकाणी. पण खाडीत थव्यात राखाडी, मळकट पक्षी दिसले तर ते आजारी नाहीत. ती अल्पवयीन पोरं आहेत. पुरता गुलाबी रंग यायला त्यांना दोन-तीन वर्षं तरी लागतात.